छापील पानांवरून टाइप न करता मजकूर

प्रश्न : आमच्या वाचनालयात सहकारी जिनिंग सोसायटीचे जुने छापील वार्षिक अहवाल आहेत. मोबाइलने फोटो काढून उबुंटूच्या (लिनक्स प्रणालीच्या) लॅपटॉपवर टेसरॅक्ट, म्हणजे फोटोतली छापील अक्षरे ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम, चालवले, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी येते. काय चुकते?
— एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाषा सांगायची राहिली आहे. न सांगितल्यास टेसरॅक्ट इंग्रजी धरून चालते आणि ‘कापूस’ही रोमन अक्षरांत बसवू पाहते. मराठीसाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. गावात रेंज नसेल तर तेवढे तालुक्याहून उतरवून आणा; पुढे नेट लागत नाही.

टर्मिनलमध्ये टाइप करायच्या आज्ञेचा, म्हणजे कमांडचा, क्रम असा : आधी टेसरॅक्ट, मग चित्राच्या फाइलचे पूर्ण नाव, मग निकालाच्या फाइलचे नाव, शेवटी डॅश एल आणि एम-ए-आर (सलग, mar). चित्राच्या फाइलचे नाव आहे तसेच, बाकी सगळे इंग्रजी छोट्या लिपीत. निकालाच्या नावापुढे ‘टीएक्सटी’ लिहू नका, ते आपोआप लागते. ‘फेल्ड लोडिंग लँग्वेज’ असे आले तर पॅकेज बसलेले नाही, किंवा एम-ए-आरऐवजी तुम्ही नुसते एम-आर लिहिले आहे.

आता फोटो. खरे काम इथेच बनते किंवा बिघडते. इंचाला ३०० ठिपके हवेत, म्हणजे ए-फोर पानाचा फोटो साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. वाचण्याआधी टेसरॅक्ट चित्र निव्वळ काळे-पांढरे करून घेते, त्यामुळे हाताची सावली पडलेला कोपरा काळा होतो आणि तिथल्या ओळी गळतात. पान दारापाशी सारख्या उजेडात सपाट ठेवा. पातळ कागदातून मागची छपाई दिसत असेल तर पानामागे काळा कागद सरकवा. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) जुन्या छपाईत शिरोरेघ तुटलेली असते. त्यात पान तिरके आले, तर शब्द मधूनच फुटतात. स्कॅनर मिळत असेल तर तोच बरा.

प्रश्न : मजकूर बरा येतो, पण कापसाच्या क्विंटल-रकमेच्या तक्त्यांचे आकडे विस्कटतात.

उत्तर : कमांडच्या शेवटी दोन डॅश, पीएसएम आणि ६ हा आकडा जोडा. मग सगळे पान एकच सलग ठोकळा धरले जाते आणि आडव्या ओळी बऱ्याच शाबूत राहतात. तरी उभ्या रेघा अक्षर समजून वाचल्या जातात. त्यापेक्षा प्रत्येक रकाना कापून वेगळा चालवणे आम्हाला जास्त भरवशाचे वाटते. १ आणि ९, तसेच ५ आणि ६ यांची अदलाबदल होते, आणि आकड्याची चूक डोळ्यांना खटकत नाही. म्हणून रकाना स्प्रेडशीटमध्ये टाका, बेरीज करा आणि छापील ‘एकूण’शी ताडून पाहा. फरक आला तर मूळ पान उघडून एकेक आकडा तपासा. मजकुरात अनुस्वार आणि रफार गळतात, ‘घ’चा ‘ध’ होतो. त्यासाठी एकाने मूळ पान वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बघावे.

प्रश्न : हस्तलिखित फेरफार आणि मोडीतले कागद याने वाचता येतील का?

उत्तर : नाही. टेसरॅक्ट छापील अक्षरांवर तयार झालेले आहे आणि मोडीची फाइल त्यात नाही. हस्तलिखित टाइपच करावे लागेल. मोडीसाठी लिप्यंतर करणारा जाणकार शोधा.