कर्ज प्रदर्शनाचं नाही, हप्त्याचं

दहिसरहून एका चित्रकाराचं पत्र आलं आहे. वय ४७. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून पूर्णवेळ जलरंगात काम करतात, त्याला १४ वर्षं झाली. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत, घर स्वतःचं. कैक वर्षं अर्ज करून थांबल्यावर त्यांना येत्या जानेवारीतली जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळाली आहे. खर्चाचा अंदाज ५ लाख. ते विचारतात:

'एफडीला हात न लावता ५ लाखांचं पर्सनल लोन काढावं का? बँक १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. ३५ चित्रं लावणार, सरासरी किंमत ४० हजार. त्यातली २५ गेली तरी १० लाख होतात, म्हणजे कर्ज फिटून वर उरतात. शिवाय पत्नीचं म्हणणं आहे की दौरे कमी करा. यंदा बनारस, हंपी, वाई आणि पावसात कोकण असे चार झाले, १ लाख ६० हजार गेले. तुमचं मत काय?'

सोबत वर्षाचा हिशेब जोडला आहे, स्केचबुकच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला. एका आकड्यावर निळ्या रंगाचा ओघळ आला आहे, त्यामुळे फ्रेमवाल्याचे १४ हजार की १९ हजार ते मला कळलं नाही. बाकी हिशेब चोख आहे. इतका स्वच्छ हिशेब मला कंपन्यांतले मॅनेजरसुद्धा पाठवत नाहीत.

प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: नको. पण पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलेलं वाक्य. 'एफडी मूळ १२ लाखांची होती. गेल्या डिसेंबरात बँकेतल्या मॅडमनी त्यातले ३ लाख पैसे दुप्पट होणाऱ्या योजनेत वळवून दिले. दर वर्षी तेवढेच आपोआप जातील, मला लक्ष घालायला नको. म्हणून एफडी मोडायची नाही.'

ही योजना नव्हे, विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून: वर्षाला ३ लाख, १० वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ६० लाख मिळणार. ३० लाख भरून ६० लाख, म्हणजे दुप्पट. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. किती वर्षांत दुप्पट, तेवढं फक्त सांगितलं नाही.

हप्ते दहा वर्षं पसरलेले आहेत, त्यामुळे तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं त्यांच्याकडे राहणार. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ला भागलं की वर्षाचा दर ढोबळमानानं कळतो. ७२ला १५.५नं भागा. साधारण ४.६ टक्के. ज्या एफडीतून हे पैसे काढले तीच तुम्हाला याहून जास्त देत होती!

आता एफडीचं काय होणार ते बघा. उरले ९ लाख. या डिसेंबरात ३ जाणार, पुढच्या डिसेंबरात ३, त्याच्या पुढच्या डिसेंबरात ३. चौथा हप्ता भरला की एफडी शून्य, आणि हप्ते अजून सहा बाकी. ते कुठून भरणार? तुमच्याच हिशेबानुसार यंदा चित्रविक्री, कार्यशाळा आणि व्यक्तिचित्रांची कामं मिळून साडेअकरा लाख आले. कागद, रंग, फ्रेम, भाडी, दौरे यांत ५ लाख ७० हजार गेले. हातात ५ लाख ८० हजार. वहिनींचा पगार ३ लाख ४० हजार. घरखर्च महिना ५५ हजार. उरतात अडीच-पावणेतीन लाख, आणि त्यावर हप्ता ३ लाखांचा. हे तुमच्या चांगल्या वर्षाचं गणित आहे. ज्या वर्षी तुम्ही किंवा मुलगी आजारी पडेल त्या वर्षाचं मी मांडतच नाही.

म्हणजे एफडी तुमची राहिलेलीच नाही, ती पॉलिसीची आहे. तिला हात लावायचा नाही म्हणून तुम्ही प्रदर्शनासाठी १५ टक्क्यांनी कर्ज काढायला निघालात. १५नं घ्यायचे आणि ४.६वर ठेवायचे. कर्जाचा हप्ता महिना १७ हजार ३००, तीन वर्षांत व्याजच सव्वा लाख. तुमच्या भाषेत सांगायचं तर चार चित्रं बँकेसाठी काढायची.

मॅडमनी '८०सीमध्ये (प्राप्तिकरातल्या गुंतवणुकीच्या वजावटीत) टॅक्सही वाचेल' असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. कोणता टॅक्स? नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. तुमचं निव्वळ उत्पन्न ५ लाख ८० हजार आहे. जो कर नाहीच, तो वाचवायला ३ लाख.

यावर नेहमी येणारा प्रश्न असा: 'पण पहिला हप्ता भरलाय, आता सोडलं तर ते बुडतील ना?' बुडाले असं समजू, अगदी तिन्ही लाख. पुढच्या नऊ वर्षांत २७ लाख भरायचे आहेत. तेच २७ लाख तुम्ही आणि वहिनी दोघांच्या पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह खात्यात, दीड-दीड लाख करून टाकलेत, तर आजच्या ७.१ टक्के दरानं त्याच विसाव्या वर्षाच्या शेवटी ७५-७६ लाख होतात. दर सरकार ठरवतं, तो खाली-वर होईल. तरी मधलं अंतर पंधरा लाखांचं आहे. आणि पीपीएफची सोय अशी की ज्या वर्षी चित्रं गेली नाहीत त्या वर्षी ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं.

मात्र तावातावानं उद्याच पॉलिसी मोडू नका. क्रम चुकला तर नुकसान होईल.

तुम्ही पाठवलेल्या प्रस्ताव अर्जाच्या दुसऱ्या पानावर तुमचं वार्षिक उत्पन्न १८ लाख लिहिलं आहे. अक्षर तुमचं नाही, खाली सही तुमची आहे. कोऱ्या अर्जावर सही केलीत ना? चित्राच्या कोपऱ्यात सही करताना किती वेळा मागं सरकून बघता! ही सही तुमच्या विरोधात वापरली जाईल, हे आधी सांगून ठेवतो. पण तुमच्याकडे मॅडमचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, 'सर ही तुमची एफडीच आहे, फक्त जास्त रिटर्नची'. तो पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा की मुदत ठेव सांगून विमा विकला, उत्पन्न चुकीचं भरलं, हप्ता परत करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच संपली. ती संपेपर्यंत तुम्ही हंपीला होतात, तारखा जुळवून पाहिल्या मी.

तक्रार फेटाळली गेली तर पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी कंपनीला परत करून मिळेल ती रक्कम घ्या, पण एक वर्ष पूर्ण झाल्यावर. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या नियमांमुळे पहिलं पूर्ण वर्ष आणि त्याचा हप्ता भरलेला असेल तर काहीतरी रक्कम परत मिळते. पूर्वी पहिल्या वर्षानंतर सोडणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच येत नसे. तुमचं वर्ष १८ डिसेंबरला भरतं. रक्कम किती ते कंपनीकडून लेखी मागवा, फोनवर सांगितलेला आकडा धरू नका. निम्मे आले तरी आनंदानं घ्या.

त्याआधी ५० लाखांचा साधा टर्म विमा काढा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा. या पॉलिसीत ३० लाखांचं संरक्षण आहे. ते सोडायच्या आधी नवं हातात हवं. त्याला वर्षाला ३ लाखांचा दहावा हिस्साही लागणार नाही.

आणि आरोग्य विमा. तुम्ही लिहिलंत, 'शाळेतून पत्नीला १ लाखाचा आहे, तेवढा पुरतो.' मुंबईत एक लाख रुपये आयसीयूत दोन-तीन दिवस पुरतात. घाटाच्या पायऱ्यांवर, बोटीत, डोंगराच्या कडेला स्टूल टाकून बसणारे तुम्ही. तिघांचा १० लाखांचा फ्लोटर घ्या, म्हणजे तिघांत मिळून एकच पॉलिसी. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे ते अर्जात स्वतःच्या हातानं लिहा. त्या आजाराच्या दाव्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, पण लपवलंत तर नेमक्या वेळी दावा अडेल.

आता प्रदर्शन. जहांगीरची तारीख सोडू नका. १९५२ सालापासून त्या दारातून मुंबईचा चित्र बघणारा माणूस आत येतोय आणि जानेवारी हा त्याचा फिरायचा महिना आहे. पण २५ चित्रं? मंगळवार ते सोमवार, ११ ते ७ धरले तर ५६ तास होतात. म्हणजे दर सव्वादोन तासांनी एक चित्र विकलं गेलं पाहिजे, जेवणाच्या सुट्टीसकट. वरळीतल्या मागच्या एकल प्रदर्शनात २८तली ७ गेली, असं तुम्हीच लिहिलंय. त्यातली ३ नातेवाइकांनी घेतली. नातेवाईक दुसऱ्यांदा घेत नाहीत, त्यांच्या भिंती भरलेल्या असतात.

४० हजारांची किंमत घासाघीस होऊन ३२वर येते, हाही तुमचाच अनुभव. ५ लाखांचा खर्च निघायला १६ चित्रं जावी लागतील, कर्ज काढलंत तर १९-२०. खर्च साडेतीन लाखांवर आणलात तर ११. सात विकली जाणाऱ्या माणसानं अकराची आशा धरली तर मी समजू शकतो. कुठं कापायचं? १,००० प्रतींचा कॅटलॉग नको, २०० पुरेत. उरलेले ८०० तुमच्याच माळ्यावर जातात. फ्रेम दोनच मापांच्या करा आणि वरळीच्या २१ परत आलेल्या फ्रेम वापरा. उद्घाटनाच्या खाण्याचे ४० हजार लिहिलेत, त्यात बटाटावडा आणि चहा धरून २० हजारांत भागवा. आलेले लोक चित्रं बघतील किंवा बघणार नाहीत, पनीर टिक्क्यानं फरक पडत नाही.

हे साडेतीन लाख एफडीतूनच घ्या. मोडायची नसेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. एफडीच्या दराहून टक्का-दीड टक्का जास्त पडतो. चार महिने वापरलात तर व्याज दहा हजारांच्या आसपास. सव्वा लाखाऐवजी दहा हजार. बँकेनं हे तुम्हाला सुचवलं नाही, त्याचं मला नवल वाटत नाही. समजा एकही चित्र गेलं नाही, तरी एफडीत साडेपाच लाख राहतात, म्हणजे घराचे दहा महिने. पावसाळ्यात चार-चार महिने पैसे न येणाऱ्या घराला तेवढे हवेतच.

एक बारीक गोष्ट. लॉबीसाठी सहा चित्रं घेणारा बिल्डर २ लाख ४० हजार रोख देतो म्हणाला, असं लिहिलंत. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. चेक मागा. बिल्डर चेक देत नसेल तर तो गिऱ्हाईकच नव्हता.

मालमत्तेच्या यादीत 'घरातली १४० चित्रं, ५६ लाख' असं आहे. हा आकडा खोडा. वरळीच्या वेगानं ती विकायला वीस प्रदर्शनं लागतील, आणि दहिसरच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी कधी धरते ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. मी ती शून्य धरतो. सिलिका जेलची पाकिटं मात्र आणा.

दौऱ्यांबद्दल मला वहिनींच्या विरोधात बोलावं लागतंय. १ लाख ६० हजार कापू नका. चित्रकाराचं ते भांडवल आहे, आणि तुमच्या वह्या बघता वाईचा दौरा फुकटात झालेला आहे. मेणवलीच्या घाटावर बारा विद्यार्थी नेलेत, त्यांच्या फीमधून सगळ्यांचं जेवणखाण, गाडी आणि तुमचा कागद निघून वर ९ हजार उरले. कोकणात तुम्ही एकटेच गेलात, ३१ हजार गेले. पुढच्या वर्षी चारातले दोन दौरे विद्यार्थ्यांसह करा. बनारसला एकटे जा, तिथं शिकवत बसू नका.

वहिनींना खरा राग दौऱ्यांचा नसावा, असं मला वाटतं. घरात ठरावीक तारखेला येणारा पैसा फक्त त्यांचा आहे. चित्रांचे पैसे वेगळ्या खात्यात जमा करा आणि दर महिन्याच्या १ तारखेला ४० हजार घराच्या खात्यात पाठवा, चित्र गेलं असो वा नसो. वाद तिथंच निम्मा मिटेल.

या आठवड्यात एकच काम करा. हप्त्याचा ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज बँकेत आणि विमा कंपनीत, दोन्हीकडे द्या. नाहीतर १८ डिसेंबरला पैसे गेलेले कळतील आणि तुम्ही तेव्हा फ्रेमवाल्याकडे असाल. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मॅडम केबिनमध्ये बोलावतील, साहेबांशी बोलू म्हणतील, नवी योजना दाखवतील. पोच मिळेपर्यंत काउंटरवरच उभे राहा, आणि पेन खिशातून काढू नका.