हॉल आणि बाल्कनी मिळून

"आमची आणि त्यांची परिस्थिती फार वेगळी आहे, लग्न टिकेल का?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्यासमोर, समुपदेशकासमोर, येऊन बसतो. मी आधी एवढंच विचारून घेते, की परिस्थिती म्हणजे पैसाच ना? आपल्याकडे या शब्दाखाली पुष्कळदा जात झाकलेली असते, आणि तसं असेल तर बोलणं वेगळ्या वाटेनं न्यावं लागतं. या दोघांचं मात्र खरंच पैशाचंच होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तो मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीतला, ती शिवाजी पार्कची. मधे काय तो दादरचा टिळक पूल. ऑफिसात जमलेलं, दोन वर्षं झालेली. अडलं ते एका वाक्यावर. चाळीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळणार होतं, संडास-बाथरूम आत. मजल्यावरच्या सामायिक संडासापुढे ज्या घरानं तीन पिढ्या रांग लावली, त्या घरात ही बातमी म्हणजे दिवाळीच. त्यानं ती सगळ्यांत आधी हिला सांगितली. ही आनंदानं म्हणाली, "अय्या, म्हणजे आमचा हॉल आणि बाल्कनी मिळून होईल तेवढं!"

पठ्ठ्या आठ दिवस बोलला नाही.

"मी खूशच झाले होते हो मॅडम," ती रडवेली होऊन सांगत होती. तो गप्प. मग मी सहज विचारलं, घरच्यांची भेट झालीय का? त्यावर दोघंही एकदम खुदकन हसली.

भेट चाळीत झाली होती. 'त्यांना अवघडायला नको' म्हणून तिची आई साधी सुती साडी नेसून, कानातलेसुद्धा काढून गेली. 'आपण कमी दिसायला नको' म्हणून त्याच्या आईनं शेजारणीची पैठणी मागून आणली होती. भर मे महिन्यात. साबुदाणावड्यासोबत नवे कोरे काटे-चमचे. तिचे वडील वड्याला काटा टोचत होते आणि वडा बशीतून पळत होता. शेवटी त्याच्या आजीनं सांगून टाकलं, "अहो, हातानं खा की! हे काटे कालच आणलेत, आम्हालाही नाही येत."

आजींना समुपदेशनाची पदवी द्यायला हवी होती. दोन्ही घरं प्रेमापोटीच लपवाछपवी करत होती, आणि ही दोघंही तेच करत होती. ती त्याच्यासमोर खरेदीच्या पिशव्या लपवायची. तो हॉटेलात "भूक नाही" म्हणायचा.

मी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर त्याच्या पगाराचा हिशेब लिहायला सांगितला. जोडप्यांकडून मी हे नेहमीच करून घेते, कारण तोंडी बोलताना माणसं रक्कम सांगतात, पण तिला काय म्हणतात ते कागदावर उतरतं. तिनं लिहिलं: 'घरच्यांना मदत, १५,०००.' त्याच्या कागदावर त्याच रकमेपुढे एकच शब्द होता: 'घर.'

त्यानं तिचा कागद वाचला, बराच वेळ. "मदत नाही गं ती," तो म्हणाला. "बाबा निवृत्त झाले, धाकटीची फी आहे. तुझ्या बाबांनी तुझी फी भरली, ती मदत होती का?"

खरं भांडण हे होतं. हॉल आणि बाल्कनी निमित्ताला. मी विचारलं, लग्नानंतर हे १५,००० कुठून निघणार, किती वर्षं? यावर ती दोघं कधी बोललीच नव्हती. पुढची तीन सेशन्स यातच गेली. धाकटीचं शिक्षण संपेपर्यंत पूर्ण रक्कम, नंतर पुन्हा बसून ठरवायचं, असं ठरलं. तिच्या वडिलांनी देऊ केलेला फ्लॅट मात्र त्यानं नाकारला. माझ्या मते थोडा ताठाच होता तो, आणि मी तसं त्याला सांगितलंही. तो ऐकला नाही. ती भाड्याच्या घराला तयार झाली, पण एका अटीवर: संडास आत हवा.

"तेवढं तर आता माझी आजीसुद्धा मागते," तो म्हणाला.