टीम चालली कॅन्ससला, गाळ्याचं भाडं मात्र मिझुरीतच

मूळचे मिरजेचे एक गृहस्थ गेली चौदा वर्षं मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत आहेत. त्यांचं पत्र थोडं कापून देते:

"वकीलताई, अ‍ॅरोहेड स्टेडियमपासून दीड मैलावर आमचं स्टोअर आहे. बर्फ, बिअर, कोळसा, चिप्स, सॉसेज. इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, चीफ्सची, मॅच असली की सकाळी सहालाच गाड्यांची रांग लागते. दहा वाजेपर्यंत बर्फाचा फ्रीजर रिकामा. शेजारी रॉयल्सचं बेसबॉल मैदान. वर्षाचा निम्मा गल्ला या दोघांच्या जिवावर. २०२३ च्या जूनमध्ये मी हा गाळा बारा वर्षांच्या लीजवर घेतला. तेव्हा मालकाच्या एजंटानं लिहून पाठवलं होतं, 'चीफ्स कुठेही जात नाहीत.' तो मेसेज जपून ठेवलाय. आता २२ डिसेंबर २०२५ ला बातमी आली की २०३१ पासून टीम हद्द ओलांडून कॅन्सस राज्यात खेळणार. माझं लीज २०३५ पर्यंत आहे. टीमवर दावा लावता येईल का? एका राज्याची टीम दुसऱ्या राज्यानं पैसे देऊन पळवायची, हे कायद्यात बसतं का? निदान लीज तरी मोडता येईल का?

ता. क. मालक म्हणतो, भाडं आत्तापासून दहा टक्के कमी करतो, पण लीज २०४० पर्यंत वाढवा आणि या वेळी हमीपत्रावर सौ.चीही सही द्या. महिनाअखेरीपर्यंत उत्तर हवंय त्याला. बरंच आहे ना?"

दादा, बरं नाही. मुख्य पत्रापेक्षा तुमच्या ता. क.नंच माझी झोप उडवली. तो कागद आहे तसा ड्रॉवरमध्ये ठेवा, वहिनींच्या हाती पेनसुद्धा देऊ नका. का ते पुढे सांगते. आधी तुम्ही ज्या क्रमानं विचारलंत त्या क्रमानं जाऊ.

टीमवर दावा नाही. तुमचा आणि चीफ्सचा कसलाही करार नाही. त्यांचं लीज आहे ते जॅक्सन काउंटीच्या क्रीडा संकुल प्राधिकरणाशी, आणि ते जानेवारी २०३१ मध्ये संपतं. तोवर ते इथेच खेळणार. भाडेकरू मुदत भरून घर सोडत असेल तर घरमालकाचीही तक्रार चालत नाही. मग कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याची कुठून चालणार?

तुम्ही सेंट लुईसच्या रॅम्सचं उदाहरण ऐकलं असेल. मिझुरीचीच ती टीम २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला गेली, अमेरिकन फुटबॉल लीगच्या (एनएफएलच्या) टीममालकांच्या बैठकीत तीस विरुद्ध दोन मतांनी. टीम हलवायची तर बत्तीसपैकी चोवीस मतं लागतात. पण मतांआधी काय काय करायचं, आहे त्या शहराशी प्रामाणिकपणे बोलणी कशी करायची, याचं एक धोरण लीगनं स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. ते पाळलं नाही म्हणून सेंट लुईस कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आकडा ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण दावा होता शहर, काउंटी आणि डोमचं (रॅम्सच्या स्टेडियमचं) प्राधिकरण या तिघांचा. वकिलांची फी वजा जाता पैसे सरकारी तिजोऱ्यांत गेले. डोमशेजारच्या दुकानदारांचा त्यात वाटा नव्हता.

शिवाय ते सगळ्या शहरांना जमतंच असं नाही. ओकलंडची रेडर्स टीम लास व्हेगासला निघाली तेव्हा ओकलंड शहरानं लीगविरुद्ध मक्तेदारीचा दावा लावला, बुडालेल्या महसुलाचा हिशेब मांडला. डिसेंबर २०२१ मध्ये संघराज्याच्या अपील कोर्टानं तो फेटाळला. आणि ज्या धोरणावर सेंट लुईसनं कोट्यवधी मिळवले, त्याच धोरणाबद्दल कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं पुढच्या वर्षी म्हटलं की ते ओकलंडच्या हितासाठी लिहिलेलं नाही, तेव्हा त्यावर हक्क सांगता येणार नाही. अख्ख्या शहराची ही गत, तर बर्फ विकणाऱ्याचं कोण ऐकणार?

दुसरा प्रश्न पळवापळवीचा. तुमचा राग समजतो, पण बेकायदा काही नाही. कॅन्ससनं 'स्टार बाँड' नावाचे रोखे काढायचं ठरवलंय. त्या परिसरात जो विक्रीकर जमेल त्यातून ते फेडायचे. स्टेडियम वायंडॉट काउंटीत, सराव संकुल ओलेथला, मिळून चार अब्ज डॉलरचा मामला. पण मिझुरीनंही जून २०२५ मध्ये निम्म्यापर्यंत खर्च उचलायचा कायदा केलाच होता. म्हणजे बोली दोन्ही बाजूंनी लागली होती, एक हरला. गंमत म्हणजे याच दोन राज्यांनी २०१९ मध्ये एकमेकांच्या कंपन्या पळवायच्या नाहीत असं ठरवून हात मिळवले होते. आणि चीफ्स तरी मिझुरीचे कुठे? १९६३ मध्ये ते टेक्ससमधून, डॅलसहून, असेच राज्यं ओलांडून आले.

राज्य अडवू शकत नाही का? बाल्टिमोरच्या कोल्ट्स टीमच्या वेळी मेरिलंडनं ते करून पाहिलं. विधिमंडळ टीमच ताब्यात घ्यायचा कायदा करतंय हे कळताच मार्च १९८४ मध्ये एका रात्रीत कोल्ट्सचं सगळं सामान ट्रकांत भरून इंडियानापोलिसला रवाना झालं. पुढे कोर्टानं निकाल दिला टीमच्या बाजूनं. आणि समजा उद्या मिझुरीनं काही केलंच, तरी त्यानं तुमचं महिन्याचं भाडं एका डॉलरनंही कमी होत नाही.

आता लीज. इथे जरा थांबू, कारण इथे निदान युक्तिवादाला जागा आहे.

जून १९०२ मध्ये लंडनला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. मिरवणूक पॅल मॅलवरून जाणार म्हणून हेन्री नावाच्या गृहस्थानं तिथल्या क्रेल यांच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना घेतल्या. राजा आजारी पडला, मिरवणूक रद्द झाली. उरलेले पैसे द्यायचे का? कोर्ट म्हणालं, नाही. मिरवणूक बघणं हाच कराराचा पाया होता, तो गेला, करार गेला. पण त्याच सुमारास दुसऱ्या एकानं राजाची आरमार-पाहणी बघायला बोट भाड्यानं घेतली होती. पाहणी रद्द झाली, तरी त्याला पैसे भरावे लागले. का? तर आरमार तिथेच नांगरून उभं होतं, फेरी मारता येत होती.

मिझुरीची कोर्टं हे तत्त्व मानतात, पण फार हात आखडून. दोन गोष्टी बघतात: कराराचा हेतू जवळजवळ पूर्णच बुडाला का, आणि जे घडलं त्याची कल्पना सही करताना येण्यासारखी होती का. दोन्हीकडे तुमची बाजू लंगडी आहे. तुम्ही पाठवलेल्या लीजच्या फोटोंत पान ४ वर गाळ्याचा वापर लिहिलाय 'किरकोळ विक्रीचं दुकान'. स्टेडियम हा शब्द एकतीस पानांत मला एकदाही सापडला नाही. उरलेला अर्धा गल्ला मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे तुमची केस बोटीची, खोल्यांची नाही. आणि कल्पना येण्याबद्दल म्हणाल तर स्टेडियमचं लीज २०३१ ला संपणार हे जगजाहीर होतं. रॉयल्सच्या मालकानं नोव्हेंबर २०२२ मध्येच जाहीर पत्र काढून डाउनटाउनला जायचा इरादा सांगितला होता. तुमची सही त्यानंतर सात महिन्यांनी. एवढं मात्र तुमच्या बाजूनं म्हणता येईल की चीफ्सचा बेत फेब्रुवारी २०२४ पर्यंत अ‍ॅरोहेडच ८० कोटी डॉलर घालून नवं करायचा होता, आणि एप्रिलमध्ये जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर नाकारल्यावर चक्रं उलटी फिरली. चांगला मुद्दा आहे. पण त्यावर खटला जिंकण्याची पैज मी लावणार नाही. (पुण्यात असतात तरी सुटका नव्हती. आपल्या करार कायद्याचं कलम ५६ भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्येच सांगितलंय.)

एजंटाचा मेसेज? 'कुठेही जात नाहीत' हे भविष्याबद्दलचं मत झालं, तेही तिऱ्हाइताबद्दलचं. फसवणूक ठरायला आज असलेली गोष्ट खोटी सांगावी लागते. त्यात पान २२ वर 'या कागदाबाहेरचं कोणतंही बोलणं ग्राह्य नाही' हे नेहमीचं कलम आहेच. मेसेज पुसू नका. कोर्टात नाही, पण बोलणी करताना टेबलावर ठेवायला तो उपयोगी पडेल.

आणि २०३१ ला शटर ओढून किल्ली मालकाच्या पेटीत टाकायचा विचार असेल तर तो आजच काढून टाका. व्यापारी गाळ्याच्या बाबतीत मिझुरीचा जुना नियम मालकाकडे झुकलेला आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल तर नवा भाडेकरू शोधायला तो बांधील नाही. गाळा धूळ खात ठेवून तो तुमच्याकडे महिन्याच्या महिन्याला भाडं मागू शकतो.

आता तो ता. क.

लीज तुमच्या एलएलसीच्या नावावर आहे, म्हणजे धंदा बुडाला तर कंपनी बुडेल, तुम्ही नाही. पण सोबत तुमची वैयक्तिक हमी आहे, म्हणजे कंपनीनं नाही दिलं तर तुम्ही द्यायचं. आज त्या हमीवर सही तुमच्या एकट्याची आहे. घर मात्र दोघांच्या नावावर. मिझुरीत नवरा-बायकोनं मिळून घेतलेलं घर साधारणपणे 'टेनन्सी बाय द एन्टायरटी' या प्रकारात मोडतं. म्हणजे अर्धं तुमचं, अर्धं तिचं असं नव्हे, अख्खं घर दोघांचं मिळून. एकट्या नवऱ्याच्या देण्यापोटी त्याला हात लावता येत नाही. दोघांची सही असली की लावता येतो. (वहिनींच्या आधी तुम्ही गेलात तर घर त्यांचं, त्या आधी गेल्या किंवा घटस्फोट झाला तर हे कवच जातं.) मालकाला 'या वेळी सौ.चीही सही' का हवी आहे, ते आता कळलं? दहा टक्क्यांच्या बदल्यात तो तुमचं घर मागतोय, आणि वर पाच वर्षं.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलीच्या शाळेसाठी ओव्हरलँड पार्कला, म्हणजे कॅन्सस राज्यात, घर बघताय. राज्याची हद्द तुमच्या प्रकरणात कुठे आडवी येत असेल तर ती इथे. तुमच्या शहरात स्टेट लाइन रोड आहे. एका फुटपाथवर मिझुरी, समोरच्या फुटपाथवर कॅन्सस. तो रस्ता ओलांडलात की हे नवरा-बायकोचं कवच संपतं, कॅन्सस ते मानतच नाही. तिथे दुसरं आहे: राहत्या घराला शहरात एक एकरापर्यंत किमतीची मर्यादा नसलेलं संरक्षण, जे मिझुरीत जेमतेम पंधरा हजार डॉलरचं आहे. ऐकायला छान. पण दिवाळखोरीत जायची वेळ आली आणि घर त्याआधीच्या १२१५ दिवसांत घेतलेलं असलं तर संघराज्याचा कायदा त्या सवलतीला कात्री लावतो. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवायला घर हलवलं असं दिसलं तर आणखी त्रास. आणि मिझुरीच्या कोर्टाचा हुकूमनामा कॅन्ससमध्ये नोंदवून वसूल करता येतो. मधला रस्ता त्याला अडवत नाही. शाळेसाठी जायचंच असेल तर जा, पण लवकर जा, आणि घराच्या कागदांआधी वकिलाकडे जा.

मालकाला काय उत्तर द्यायचं? मुदतवाढ नको, वहिनींची सही नको, दहा टक्केही राहू देत. त्याऐवजी मागा: २८ फेब्रुवारी २०३१ नंतर सहा महिन्यांची नोटीस आणि तीन-चार महिन्यांचं भाडं देऊन लीज संपवायचा हक्क. सोबत, पोटभाडेकरू ठेवायला तो विनाकारण नकार देणार नाही असं एक वाक्य. तो का ऐकेल? कारण बातमी त्यानंही वाचलीय. त्याच्या रस्त्यावरचे सगळे गाळे २०३१ ला एकदमच हलके होणार आहेत, आणि तोवर चालतं दुकान त्यालाही हवं आहे. २०२६ च्या जून-जुलैत अ‍ॅरोहेडवर फुटबॉल विश्वचषकाचे सहा सामने, त्यात एक उपांत्यपूर्व फेरीचा. आत्ता वाटाघाटी करताना तुमचं दुकान भरलेलं दिसतंय. पाच वर्षांनी मालक तुमचं रिकामं शेल्फ बघून बोलेल. मधल्या काळात भाडं एक दिवसही थकवू नका. थकलं की वरचं सगळं बोलणं थांबतं आणि नोटिसा सुरू होतात.

वायंडॉट काउंटीत नव्या स्टेडियमजवळ आत्ताच गाळा धरावा का, असंही तुम्ही फोटोंसोबत विचारलंय. धरायचाच तर करारात लिहून घ्या की भाडं सुरू होईल ते टीमचा पहिला अधिकृत सामना तिथे झाल्यावर, आणि टीम गेली तर लीज संपेल. पान ४ वर हेच एक वाक्य असतं तर आज हे पत्र तुम्ही मला लिहिलं नसतंत.

एक काम राहिलं. पान २७ चा फोटो खालून कापला गेलाय, चहाच्या कपाच्या डागाखाली ओळ अर्धी दिसते: 'हमीदाराची जबाबदारी जास्तीत जास्त...' पुढे काही नाही. तिथे 'बारा महिन्यांचं भाडं' असं काही लिहिलेलं असेल तर तुमचं गणित फारच सोपं होतं. ते पान नीट उजेडात धरून पुन्हा पाठवा, आणि तेच पान घेऊन मिझुरीत सनद असलेल्या, व्यापारी भाडेकरार बघणाऱ्या वकिलाकडे महिनाअखेरीच्या आत जा.