मालिकांचे चाहते एकमेकांचे व्याकरण का दुरुस्त करतात?

आपला प्रश्न असा आहे की ‘फ्रेंड्स’ आणि ‘द ऑफिस’ या अमेरिकी मालिकांचे चाहते एकमेकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या आणि स्पेलिंगच्या चुका काढण्यात एवढे का रमतात, आणि नवख्या माणसाने ते मनाला लावून घ्यावे का. मी मुद्रितशोधनाचे काम करतो आणि या दोन्ही मालिकांचा जुना चाहता आहे. माझे उत्तर असे की मुळीच मनाला लावून घेऊ नये, कारण चूक काढणारा बहुतेक वेळा मालिकेतला एखादा संवादच म्हणून दाखवत असतो.

या थट्टेचे मूळ सप्टेंबर 1997 मध्ये प्रसारित झालेल्या ‘फ्रेंड्स’च्या चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात सापडते. मालिकेतल्या रेचलने आपला प्रियकर रॉस याला अठरा पानांचे, तेही पाठपोट लिहिलेले पत्र दिलेले असते. ते वाचता वाचता रॉसला झोप लागते आणि पत्रात नेमके काय आहे हे न कळताच तो होकार देऊन बसतो. पुढे भांडण विकोपाला जाते, आणि नाते तुटण्याच्या त्या क्षणी रॉस तिच्या पत्रातली स्पेलिंगची चूक काढून ओरडून सांगतो की वाय-ओ-यू-अपॉस्ट्रॉफी-आर-ई म्हणजे ‘तू आहेस’ आणि वाय-ओ-यू-आर म्हणजे ‘तुझा’. मन मोडलेला माणूस हाताशी दुसरे काहीच उरले नाही म्हणून अपॉस्ट्रॉफी उचलून मारतो, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे. त्यामुळे एखाद्या चाहत्याच्या लिहिण्यात हीच चूक झाली की दुसऱ्याला राहवत नाही. आमच्या मित्रमंडळींत तर कोणी नियम सांगतच नाही. चूक दिसली की फक्त ‘अठरा पाने, पाठपोट’ एवढेच म्हणायचे, आणि ज्याची चूक झाली तोच सर्वांत आधी हसतो.

ही चूक अज्ञानातून होते असे समजणे मात्र अन्यायाचे आहे. या दोन शब्दांचा उच्चार बोलताना जवळजवळ सारखाच होतो आणि कानाला जे ऐकू येते तेच हात लिहितो, म्हणून ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही येथे सर्रास चुकतात. आपल्याकडे ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. बोलताना हा फरक कितीजण करतात? ऱ्हस्व-दीर्घाने ज्याला शाळेत छळले आहे, त्याला रेचलविषयी सहानुभूती वाटल्याशिवाय राहणार नाही. मला ती आजही वाटते, आणि व्याकरण रॉसच्या बाजूने असले तरी त्या भांडणात मी रेचलच्या बाजूने आहे.

‘द ऑफिस’च्या चाहत्यांचा आवडता वाद याहून बारीक आहे. ऑक्टोबर 2007 मधल्या ‘मनी’ या भागात रायन बोलताना ‘हूएव्हर’ (‘जो कोणी’) ऐवजी ‘हूमेव्हर’ (‘ज्या कोणाला’) हा शब्द वापरतो, आणि कार्यालयाचा व्यवस्थापक मायकेल स्कॉट तो शब्द कधीच बरोबर नसतो असे ठामपणे सांगतो. मग कामाची बैठक बाजूला राहते आणि सगळे कार्यालय या एका शब्दावर तुटून पडते. क्रीडच्या मते तो विद्यार्थ्यांना फसवण्यासाठी बनवलेला शब्द आहे. शब्द खरा आहे पण तो नेमका कधी वापरायचा ते आपल्याला माहीत नाही, हे ऑस्कर मोकळेपणाने मान्य करतो. पॅम कर्ता आणि कर्म यांचा नियम सांगते. शेवटी टोबी रायनच्या वाक्याचे पद्धतशीर पृथक्करण करून ते बरोबर असल्याचे दाखवतो, आणि बक्षीस म्हणून मायकेलच्या शिव्या खातो. मराठी माणसाला टोबीचे म्हणणे चटकन पटते, कारण ‘जो कोणी’ आणि ‘ज्या कोणाला’ यांतली गल्लत आपल्या तोंडून होऊच शकत नाही. आपल्या विभक्ती अजून शाबूत आहेत, इंग्रजीच्या बहुतेक झडून गेल्या आणि ‘हूम’सारखी थोडी सर्वनामे तेवढी मागे राहिली. हा प्रसंग चाहत्यांना तोंडपाठ असतो, म्हणून कोणी हा शब्द वापरला की एकजण मायकेल होतो, दुसरा टोबी होतो आणि बैठक पुन्हा भरते.

या खेळाचा एक नियम मात्र सर्वांनी पाळावा असे मला मनापासून वाटते: ज्याला तो प्रसंग ठाऊक नाही, किंवा जो नुकताच इंग्रजीत लिहायला लागला आहे, त्याच्यावर हा प्रयोग करू नये. त्याला संवाद ऐकू येत नाही, फक्त चूक ऐकू येते, आणि तो पुन्हा लिहायला धजत नाही. शिवाय दुसऱ्याला सुधारणाऱ्याने स्वतःचे वाक्य दोनदा वाचावे. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने 1992 मध्ये ‘मफ्रीचा नियम’ मांडला, तो असा की दुसऱ्याच्या लेखनावर टीका करणाऱ्याच्या लेखनात स्वतःची एक तरी चूक असतेच. जे चुकू शकते ते चुकतेच, असे सांगणाऱ्या प्रसिद्ध ‘मर्फीच्या नियमा’तले ‘मर्फी’ हे नावही त्यात मुद्दाम चुकवलेले आहे. माझ्या धंद्यात या नियमाची प्रचीती दर आठवड्याला येते.

आता आपल्यावर कोणी रॉस होऊन चालून आलाच, तर उत्तरही त्याच मालिकेत तयार आहे. निरर्थक ठरलेल्या मुद्द्याला इंग्रजीत ‘मूट पॉइंट’ म्हणतात. ‘फ्रेंड्स’मधला जोई त्याला ‘मू पॉइंट’ (‘मू’ म्हणजे इंग्रजीतले गाईचे हंबरणे) म्हणतो आणि गंभीरपणे समजावतो की ते गाईच्या मतासारखे असते, त्याला किंमत नसते. आपण फक्त ‘मू’ एवढे लिहावे. समोरचा खरा चाहता असेल तर वाद तेथेच मिटेल.