कोरोनाच्या काळात पोरांना सांभाळता सांभाळता आईबापांनी स्वतःचं मन कसं सांभाळलं?

खरं सांगतो, पहिले तीन-चार महिने मी सांभाळू शकलो नाही. तुम्ही विचारलंय म्हणून सगळं सांगतो.

आम्ही बेळगावात वडगावचे. खाली चार माग, वर राहणं. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा लग्नसराईच्या साड्या मागावर चढलेल्या होत्या. माग थांबले. आमची पोरं जन्मापासून त्या खटखटीतच झोपलेली. आवाज बंद झाला आणि घरात कुणालाच धड झोप लागेना. मी रात्री खाली जाऊन अंधारात मागावर हात ठेवून बसायचो. सूतवाल्याचं देणं डोक्यातून जायचं नाही, छाती धडधडायची.

बायकोचं माहेर हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. एरवी शिनोळीवरून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. हद्द बंद झाली आणि तिची आई तिकडं अडकली. पुढं २०२१ मध्ये तिकडून इकडं यायला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. बायको आईला फोनवर "सगळं बरं हाय" म्हणायची आणि फोन ठेवला की मोरीत जाऊन रडायची. एका घरात राहून मला हे महिनाभर कळलं नव्हतं.

थोरला तेव्हा सातवीत. शाळेचा अभ्यास माझ्या फोनवर यायचा, घरात फोन तेवढा एकच. एका दिवशी व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघत होतो, मी त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि त्याच्या कानाखाली मारली. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात माझी चाहूल लागली की तो फोन पालथा ठेवून उठून जायचा. ते बघून मी हादरलो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं, देण्याच्या आकड्यासकट. मग तिनंही तिचं सांगितलं. पोरालाही जवळ बसवून चूक कबूल केली आणि पैशाची अडचण त्याला समजेल अशी सांगितली. त्यानं पोर उलट निवांत झालं. काहीच माहीत नसल्यामुळं ते जास्त भ्यालं होतं.

माझी झोप मात्र आली नाही. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडं गेलो. जाताना वेगळीच भीती होती: तिथं कन्नडमधून सांगावं लागलं तर? भाव करण्यापुरतं कन्नड मला येतं, पण आतलं दुःख मला मराठीतच सांगता येतं. डॉक्टर मराठीत बोलले तेव्हा निम्मं ओझं तिथंच उतरलं. त्यांनी सांगितलं की नैराश्य आलेला माणूस रडतच बसतो असं नाही. पुष्कळ पुरुषांत ते चिडचिडीतून बाहेर पडतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती थप्पड कदाचित टळली असती. काही महिने गोळ्या घेतल्या, डॉक्टरांना विचारूनच बंद केल्या.

परत तशी वेळ आली तर पोरांच्या अभ्यासाआधी तुमची झोप बघा. सलग दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, पोरांवर हात उठतोय, असं झालं तर थांबू नका. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहे, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. घरात बोलायला संकोच वाटत असेल तर फोन घेऊन गच्चीवर जा. आणि नवरा-बायको दोघांनीही बोला, एकट्यानं नाही.