अमोनियाच्या कूलिंग प्लँटवर नवीन लागलायस ना, मग हे वाच

भावा, अभिनंदन, पण पहिल्या दिवशी कॉम्प्रेसर बघायच्या आधी बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेव. अमोनियाचा वास 5 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 5 भाग) आसपासच नाकाला झोंबतो, हे आपलं नशीबच, पण 300 पीपीएमला जिवाला धोका असतो, तेव्हा हिरोगिरी नको. लीक झालं की वाऱ्याला आडवं पळायचं. गॅस हवेपेक्षा हलका असला तरी थंडगार लीक पांढरं धुकं होऊन जमिनीलगतच पसरतं, आणि साचलेल्या लिक्विडवर पाणी मारलंस तर अजून उसळतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो ऑइल ड्रेन करताना, म्हणजे सिस्टिममध्ये साचलेलं कॉम्प्रेसरचं तेल बाहेर काढताना. मी एकदा व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला वळलो होतो, तेल संपलं आणि मागून अमोनिया आला, डोळे पंधरा मिनिटं नळाखाली धरले तेव्हा कुठं वाचलो. ड्रेनला स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह लावून घे, हात सोडला की बंद.

आणि फ्रीऑनवाले (अमोनियाऐवजी फ्रीऑन गॅसवर कूलिंग करणारे) म्हणतील आमचा गॅस सेफ, वास नाही. अरे वास नाही म्हणूनच खड्ड्यात साचून गुदमरवतो, वर 404ए (त्यांच्यातलाच एक गॅस) एक किलो सोडला तर जवळपास 3,900 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो, त्यामुळे हवेत सोडू नको, रिकव्हरी सिलिंडरमध्ये भर.