स्पेन की जर्मनी, हे नंतर. आधी ते ५०० युरो थांबवा

प्रश्न : मी ३५ वर्षांचा आहे, श्टुटगार्टमध्ये नोकरी करतो. चार वर्षांनी पुण्यात परतून फ्लॅट घ्यायचा आहे, त्यासाठी ४० हजार युरो साठले आहेत. स्पेन आणि जर्मनी यांच्या स्थिर भांडवल गुंतवणुकीचा, म्हणजे घरं, रस्ते, यंत्रं यांवरच्या खर्चाचा, १९९५ पासूनचा आलेख पाहिला. स्पेन २००७ च्या सुमारास जीडीपीच्या ३० टक्क्यांवर होता, आता २० च्या आसपास आहे. जर्मनी वर्षानुवर्षं २० च्याच आसपास. म्हणजे स्पेनला वर जायला जागा आहे. सगळी रक्कम स्पेनच्या ईटीएफमध्ये, म्हणजे तिथल्या शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात टाकून वर्षाला १२ टक्के धरू का? बाकी बचत व्यवस्थित चालू आहे. गणपतीत ओळख झालेल्या एका सल्लागाराकडून फंडाशी जोडलेली पेन्शन पॉलिसी घेतली आहे : महिना ५०० युरो, वयाच्या ६७ पर्यंत. करही वाचतो म्हणाले. सात हप्ते भरून झाले.

उत्तर : १२ टक्के धरू नका. चार वर्षांत फ्लॅटला लागणारे पैसे कुठल्याही एका देशाच्या शेअर बाजारात ठेवू नका. चार वर्षं हा शेअरसाठी फारच तोकडा काळ आहे.

आता तुमचा आलेख. ते ३० टक्के कशाचे होते? मोठा वाटा घरबांधणीचा होता. स्पेनमधल्या स्युदाद रेआल शहराचा विमानतळही त्याच काळातला. एक अब्ज युरोंहून जास्त खर्च, २००८ च्या अखेरीस सुरू, २०१२ मध्ये बंद. राष्ट्रीय हिशेबात ते सगळं सिमेंट गुंतवणूक म्हणूनच मोजलं गेलं, कारण ते घर कोणी घेतलं का, तिथे विमानं उतरली का, हे तो आकडा पाहत नाही. पुढे घरांच्या किमती साधारण एक तृतीयांशाने उतरल्या, बँका सावरायला युरोपकडून सुमारे ४१ अब्ज युरो घ्यावे लागले आणि २०१३ पर्यंत ३० टक्क्यांचे १८ च्या आसपास झाले. स्पेन पुन्हा ३० वर गेला, तर गुंतवणूकदाराने आनंदापेक्षा काळजीच करावी.

जर्मनीची सपाट रेषही तेवढीच फसवी. आलेखात स्थूल गुंतवणूक असते, म्हणजे घसारा (जुन्या बांधकामांची झीज) वजा न करता. घसारा काढला तर तिथल्या नगरपालिकांची निव्वळ गुंतवणूक कित्येक वर्षं उणे होती. ए-४५ महामार्गावरचा राहमेडे पूल डिसेंबर २०२१ मध्ये बंद करावा लागला आणि २०२३ मध्ये सुरुंगाने पाडला. ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग २०२४ मध्ये एल्ब नदीत कोसळला. २०२५ चा पायाभूत सुविधांसाठीचा ५०० अब्ज युरोंचा निधी आला तो या साठलेल्या दुर्लक्षामुळे.

आणि शेअरधारकाला काय मिळालं? स्पेनचा शेअर निर्देशांक इबेक्स, त्याने २००७ ची उच्चांकी पातळी ओलांडायला २०२५ उजाडलं. तेवढ्या काळात जर्मनीचा निर्देशांक डाक्स ८ हजारांवरून २० हजारांच्या पुढे गेला. डाक्समध्ये लाभांश धरलेला असतो, इबेक्समध्ये नसतो, म्हणून खरी दरी दिसते त्यापेक्षा लहान आहे, पण आहे. जास्त गुंतवणूक करणारा देश मागे पडला.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं. माझा जीव अडकला आहे तो पत्राच्या शेवटच्या ओळींत.

५०० युरो महिना म्हणजे वर्षाला ६ हजार, ३२ वर्षांचे १ लाख ९२ हजार. जर्मनीत अशा पॉलिसीत विक्रीचा खर्च, मुख्यतः दलाली, एकूण हप्त्यांच्या साधारण अडीच टक्के धरतात आणि पहिल्या पाच वर्षांत कापून घेतात. ४,८०० युरो झाले. महिन्याला ८०. तुमच्या प्रत्येक ५०० मधले ८० फंडापर्यंत पोचतच नाहीत, आणि व्यवस्थापनाचा, फंडाचा खर्च त्याशिवाय. चार वर्षांनी निघालात तर ३,८०० युरो गेले. तुमचे ४० हजार २ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ८०० मिळतील. ही पॉलिसी वर्षाला ९६० खाते.

करसवलतीचं म्हणाल, तर नफ्याच्या निम्म्यावरच कर लागण्यासाठी करार किमान १२ वर्षं चालावा लागतो आणि पैसे वयाच्या ६२ नंतर घ्यावे लागतात. ३९ व्या वर्षी परतणार आहात हे त्या सल्लागाराला माहीत होतं का? माहीत असून विकली असेल तर ती सरळ फसवणूक. विचारलंच नसेल, तर तो सल्ला नव्हता, नुसती विक्री होती.

३० दिवसांची रद्द करण्याची मुदत गेली आहे. तरी कागद घेऊन फेरब्राउखरत्सेन्ट्रालेमध्ये, म्हणजे तिथल्या ग्राहक सल्ला केंद्रात जा. थोडी फी घेतात, पण मुदतीची सूचना नीट दिली होती का ते तपासून देतात. कंपनीला लेखी विचारा : आज मोडली तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शिल्लक किती राहील, पुढे काय कापाल? हप्ते थांबवण्याला तिथे बायट्राग्सफ्रायश्टेलुंग म्हणतात, हाच शब्द वापरा. आज मोडलीत तर भरलेल्या ३,५०० मधले ५६० विक्रीखर्चात गेलेले दिसतील, मोडण्याचा आकारही लागू शकतो. ते वाईट वाटेल. म्हणून "वर्षभर तरी भरा" असा सल्ला मिळेल. ऐकू नका, त्या वर्षाचे आणखी ९६० जातील.

४० हजार मुदत ठेवीत, ठेव हमीच्या १ लाख युरोंच्या मर्यादेत. सुटलेल्या ५०० पैकी फ्लॅटला लागणार नाहीत तेवढे जगभरच्या शेअरच्या स्वस्त ईटीएफमध्ये लावा. त्यात स्पेन आणि जर्मनी मिळून तीन-चार टक्के असतातच. आठवा हप्ता खात्यातून वळता व्हायच्या आधी कंपनीला पत्र पाठवा, आणि ते रजिस्टर पोस्टाने.